चिकूची घरपोच विक्री : खप आणि नफा यांचा मेळ

डहाणू तालुक्याच्या किनारपट्टीवर आगर, नरपड, चिखले, घोलवड आणि बोर्डी ही गावे एकामागून एक लागतात. ह्या पट्ट्यातील चिकूच्या वाड्यांचे फळ मुंबईच्या बाजारात फार वर्षांपासून ओळखीचे आहे. येथील मुख्य जात कालीपत्ती होय. तिचे फळ गोड, मऊ गराचे व थोड्या बियांचे असते. असे फळ पिकत असूनही लहान बागाईतदाराच्या हाती पडणारा भाव आणि मुंबईतील गृहिणी त्याच फळासाठी मोजते ती किंमत, यांत मोठे अंतर राहते. तोडणी, प्रतवारी, गाडीभाडे, हमाली, अडत, घाऊक व्यापाऱ्याचा नफा, किरकोळ विक्रेत्याचा नफा आणि वाटेतील नासाडी, इतक्या पायऱ्या ह्या अंतरात सामावलेल्या असतात.

मोबाईल फोन व इंटरनेट घरोघर पोचल्यापासून काही बागाईतदार, त्यांची सुशिक्षित मुले व महिला बचत गट ह्या पायऱ्यांपैकी काही गाळून थेट ग्राहकाला फळ पाठवू लागले आहेत. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेरील नियमनातून मुक्त केला, त्यामुळे अशा विक्रीचा मार्ग अधिक मोकळा झाला. त्याच वर्षी यूपीआय ही पैसे चुकते करण्याची पद्धत सुरू झाली. पुढे २०२० च्या टाळेबंदीत कोकणातील आंबा बागाईतदारांनी मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण संस्थांना थेट पेट्या पोचविल्या व शहरातील ग्राहकालाही फोनवरून फळ मागविण्याची सवय जडली.

तथापि अनुभव असा येतो की, असा धंदा सुरू करणे सोपे, पण तो टिकविणे अवघड आहे. पहिल्या हंगामात ओळखीची माणसे पेट्या घेतात, उत्साह वाढतो. दुसऱ्या हंगामात मागणी वाढूनही हाती काही उरत नाही, आणि तिसऱ्या हंगामात फळ पुन्हा अडत्याकडे जाऊ लागते. असे का होते व ते टाळण्यास काय करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

खप वाढला म्हणजे नफा वाढला असे नव्हे

विक्री व नफा ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. किती पेट्या गेल्या हे सर्वांच्या लक्षात राहते. एका पेटीमागे किती उरले हे मात्र लिहिल्यावाचून कळत नाही. म्हणून धंद्याचा आरंभ एका पेटीच्या हिशेबापासून करावा. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले आकडे घालावेत.

समजा, नरपड येथील एक बागाईतदार तीन किलोची पेटी मुंबईत घरपोच ३०० रुपयांस देतो. तिच्यावरील खर्च असा :

फळाची किंमत (गावातच विकले असते तर मिळाली असती ती, किलोस २५ रुपये) : ७५ रुपये
प्रतवारीत बाजूला पडलेल्या फळामुळे येणारी तूट : १० रुपये
पुठ्ठ्याची पेटी, कागद व चिकटपट्टी : ३५ रुपये
तोडणी, निवड व पेटी भरण्याची मजुरी : ३० रुपये
गावापासून ग्राहकाच्या दारापर्यंतचे भाडे : ९० रुपये
खराब निघालेल्या पेटीची भरपाई : १२ रुपये
फोन, इंटरनेट, नोंदवही व किरकोळ : १३ रुपये
एकूण : २६५ रुपये

याचा अर्थ पेटीमागे ३५ रुपये नफा झाला. आठवड्यास ४० पेट्या गेल्या, तर १,४०० रुपये उरले.

ह्या हिशेबात दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, फळ घरच्या वाडीतील असले तरी त्याची किंमत खर्चात धरली आहे. 'फळ आपलेच आहे' असे म्हणून ती न धरल्यास पेटीमागे ११० रुपये सुटल्याचा भास होतो व त्या भासावर भाव ठरविला जातो. घरच्या माणसांच्या श्रमाचेही तसेच आहे. दुसरी गोष्ट भरपाईची. वीस पेट्यांपैकी एक खराब निघाली व तिच्या जागी दुसरी पाठवावी लागली, तर त्या दुसऱ्या पेटीचा फळ, तूट, पुठ्ठा, मजुरी व भाडे मिळून २४० रुपये खर्च वीस पेट्यांवर वाटला जातो. म्हणजे पेटीमागे १२ रुपये. आठांत एक पेटी खराब निघू लागली, तर हाच भार ३० रुपये होतो आणि ३५ रुपयांचा नफा १७ वर येतो. नासाडी अशी गुपचूप नफा खाते.

आता समजा, मागणी वाढावी म्हणून त्याने पेटीची किंमत १० टक्क्यांनी, म्हणजे ३० रुपयांनी, उतरविली. ग्राहकाला ही सूट बेताची वाटेल. पण विक्रेत्याच्या ३५ रुपयांपैकी ३० गेले व ५ उरले. पूर्वी ४० पेट्यांत मिळणारे १,४०० रुपये मिळविण्यास आता २८० पेट्या पाठवाव्या लागतील. सातपट फळ, सातपट पुठ्ठा, सातपट धावपळ, आणि उत्पन्न तेवढेच. सूट देण्यापूर्वी हा हिशेब मांडला, तर सूट देण्याचा मोह बहुधा आवरतो.

भाड्यात बचत : मागणी एकत्र आणणे

वरील खर्चात सर्वांत मोठा आकडा भाड्याचा आहे. नफा वाढविण्याची खरी जागा तीच होय. डहाणूरोड स्थानक चर्चगेटपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे आणि २०१३ सालापासून तेथपर्यंत उपनगरी गाड्या धावतात. मुंबई जवळ आहे. पण एक पेटी विरारला, दुसरी अंधेरीला व तिसरी चेंबूरला पोचवावयाची म्हटल्यास ते अंतर फार महाग पडते.

म्हणून मागणी येईल तशी पेटी पाठविण्याऐवजी आठवड्यातील ठराविक वार व ठराविक भाग बांधून घ्यावेत. उदाहरणार्थ, बुधवारी बोरिवली व कांदिवली, शनिवारी ठाणे. मागणी नोंदविण्याची मुदत आदल्या दिवशी सायंकाळी संपवावी, म्हणजे तोडणीही मागणीपुरतीच होते. एकाच गृहनिर्माण संस्थेत वीस पेट्या एकदम उतरविता आल्यास पेटीमागील भाडे ९० रुपयांवरून समजा ५० वर आले, तर नफा ३५ चा ७५ होतो. एकही पेटी अधिक न विकता नफा दुपटीहून अधिक होतो. त्यातील १० रुपये ग्राहकास सवलत म्हणून दिले तरी ६५ उरतात. सूट द्यावयाचीच असेल, तर ती अशी खर्चातील बचतीतून द्यावी; मालाच्या मोलातून देऊ नये.

एखाद्या संस्थेतील रहिवासी मागणी गोळा करण्याचे काम स्वखुशीने करतो. त्यास दर हप्त्यास एक पेटी भेट द्यावी. तिचा खर्च हिशेबात स्पष्ट लिहावा.

मालाच्या पेट्या उपनगरी गाडीने न्यावयाच्या असल्यास रेल्वेचे नियम व भाडे स्थानकावर विचारून घ्यावे. तीनचार बागाईतदारांनी मिळून एक टेंपो केल्यास तो पुष्कळदा सोयीचा पडतो. कारण पेट्यांची चढउतार कमी होते आणि फळ कमी दुखावते.

पेटीत काय जाते यावर पुढील पेटी अवलंबून

चिकू झाडावर पूर्ण पिकत नाही. तयार झालेले फळ उतरविल्यावर साधारण पाच ते सात दिवसांत पिकते. उन्हाळ्यात हा काळ कमी होतो, थंडीत वाढतो. फळ कच्चे उतरविले तर ते सुरकुतते, गर तुरट लागतो व चीक जिभेला चिकटतो. असे फळ मिळालेला ग्राहक तक्रार करीलच असे नाही. तो पुन्हा मागणी करीत नाही, एवढेच. अडत्याकडे एका वाडीचे कच्चे फळ दुसऱ्या वाडीच्या फळात मिसळून जाते. घरपोच विक्रीत ते थेट विक्रेत्याच्या नावावर जमा होते.

तयार फळ ओळखण्याच्या खुणा अशा : सालीवरील भुरकट कोंडा झडू लागतो व साल बटाट्याच्या रंगाची दिसते, नखाने हलके खरवडल्यास खाली हिरवी रेघ न दिसता पिवळसर छटा दिसते, देठाशी चीक कमी येतो, फळाच्या टोकावरील काट्यासारखा वाळका भाग हात लावताच गळतो. तोडणाऱ्या मजुरास ह्या खुणा प्रत्यक्ष दाखवाव्यात. मजुरी केवळ किलोवर दिली, तर हाताला येईल ते फळ उतरविले जाते. म्हणून घरपोच विक्रीच्या फळासाठी रोजावर मजुरी देणे हिताचे ठरते.

फळ झेल्याने किंवा हाताने उतरवावे, जमिनीवर पडू देऊ नये. चीक सालीवर ओघळू न देता निथळू द्यावा. फळ सावलीत पसरावे व आकाराप्रमाणे तीन वर्गांत निवडावे. भेगाळलेले, डागाळलेले, बी पोखरणाऱ्या अळीचे छिद्र असलेले फळ पेटीत मुळीच जाऊ नये. एक सडके फळ शेजारच्या चार फळांना लवकर पिकविते व नासविते. फळाला गेरू अथवा रंग लावू नये. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकविण्यास कायद्याने बंदी आहे, हे प्रत्येकाने जाणून असावे.

पेटी पन्हळी पुठ्ठ्याची, बाजूंना हवेसाठी भोके असलेली असावी. तळाशी व थरांमध्ये कागदाचे कातरण घालावे. दोनच थर भरावेत. पेटी हलविल्यास आतील फळ खडखडता कामा नये. वजन पडताळणी करून शिक्का मारलेल्या काट्यावर करावे आणि वाटेत फळातील पाणी थोडे घटते म्हणून तीन किलोच्या पेटीत थोडे अधिक फळ घालावे. वजन कमी भरल्याची एक तक्रार दहा चांगल्या पेट्यांचे काम पुसून टाकते.

प्रत्येक पेटीत मराठीत छापलेली एक चिठ्ठी असावी. तीवर तोडणीची तारीख, फळ साधारण कोणत्या दिवशी खाण्यास येईल तो दिवस आणि पुढील सूचना असाव्यात : फळे आल्याबरोबर कागदावर पसरावीत, पिकण्यापूर्वी फ्रिजमध्ये ठेवू नयेत, कारण अति थंडीने कच्चे फळ बिघडते व नीट पिकत नाही, मऊ झालेली फळे फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावीत. पुष्कळशा तक्रारी फळाच्या दोषामुळे येत नाहीत, तर ते कसे ठेवावे हे ठाऊक नसल्यामुळे येतात. ही चिठ्ठी छापण्यास फार थोडे पैसे पडतात; भरपाईच्या एका पेटीस २४० रुपये पडतात.

नाव आणि त्याची जपणूक

'डहाणू घोलवड चिकू' ह्या नावास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ही नोंदणी महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघाच्या नावे झाली. घोलवडच्या चिकूची विशिष्ट गोडी तेथील चुनखडीयुक्त मातीमुळे येते असे मानले जाते. जुलै २०२१ मध्ये ह्या मानांकित चिकूची एक खेप 'अपेडा'च्या साह्याने ब्रिटनला रवाना झाली, तेव्हा पालघर जिल्ह्यातील चिकूचे क्षेत्र सुमारे ५,००० हेक्टर असल्याचे सांगण्यात आले होते.

ऑनलाईन विक्रीत ह्या मानांकनाचे महत्त्व विशेष आहे. ग्राहक फळ हातात घेऊन पाहू शकत नाही. तो नावावर विश्वास ठेवून पैसे देतो. परंतु भौगोलिक मानांकन ही सर्वांना मोकळी असलेली जाहिरात नव्हे. १९९९ च्या कायद्याप्रमाणे ठरलेल्या क्षेत्रातील उत्पादकाने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून आपली नोंद करून घ्यावी लागते. ती झाल्यावरच पेटीवर मानांकनाची खूण वापरावी. बाहेरून आणलेले फळ त्या नावाखाली विकणे हा कायद्याचा भंग तर आहेच. शिवाय त्यामुळे सगळ्या पट्ट्याचे नाव खाली येते. घरचे फळ कमी पडल्यास 'ह्या आठवड्यात पेट्या संपल्या' असे कळवावे. असे कळविल्याने ग्राहक तुटत नाही. उलट जे मिळते ते खरोखर वाडीतीलच आहे अशी त्याची खात्री पटते.

वारली चित्रकलेसही भौगोलिक मानांकन आहे. पेटीवर वारली चित्र घ्यावयाचे असल्यास ते तालुक्यातील कलावंताकडून योग्य मोबदला देऊन काढवून घ्यावे. इंटरनेटवरून उचललेले चित्र छापणे उचित नाही.

जाहिरात कोठे व किती करावी

लहान विक्रेत्याचा खरा आधार नवा ग्राहक नसून पुन्हा मागणी करणारा जुना ग्राहक हा होय. समजा, मोबाईलवरील जाहिरातीस ५०० रुपये खर्चून दहा नवे ग्राहक मिळाले. प्रत्येकामागे ५० रुपये पडले आणि पेटीचा नफा ३५ रुपये; म्हणजे पहिल्या पेटीस १५ रुपये तोटाच झाला. हे ग्राहक एकदाच आले, तर जाहिरात फुकट गेली. पण त्यांपैकी पाच जणांनी त्या हंगामात आणखी तीन-तीन पेट्या घेतल्या, तर एकूण २५ पेट्यांचा नफा ८७५ रुपये होऊन जाहिरातीचे ५०० वजा जाता ३७५ उरतात. म्हणून जाहिरातीवर खर्च करण्यापूर्वी मागील हंगामातील किती ग्राहक परत आले हे वहीत पाहावे. दहांपैकी एक-दोनच परत येत असतील, तर दोष फळात, पेटीत किंवा वागणुकीत आहे. तो दुरुस्त करण्यापूर्वी जाहिरात करणे म्हणजे गळक्या पोहऱ्याने पाणी शेंदणे होय.

जुन्या ग्राहकांसाठी व्हॉट्सॲपवर एक यादी ठेवावी. ज्यांनी संमती दिली त्यांनाच संदेश पाठवावा आणि आठवड्यास एकाहून अधिक पाठवू नये. संदेशात फळाचा आकार, पेटीचे वजन, घरपोच किंमत, पोचविण्याचा वार व मागणीची मुदत, एवढे स्पष्ट असावे. छायाचित्र आपल्याच वाडीचे व त्याच आठवड्याच्या फळाचे असावे; शेजारी नाणे किंवा वाटी ठेवल्यास आकार समजतो. सुंदर पण दुसऱ्याच्या फळाचे छायाचित्र पाठविल्यास पेटी उघडताच निराशा पदरी पडते.

ग्राहकाने तक्रार केल्यास खराब फळांचे छायाचित्र मागवावे व त्याच दिवशी निर्णय कळवावा. चारपाच फळे खराब असतील, तर तेवढ्या फळांचे पैसे परत करणे हे नवी पेटी पाठविण्यापेक्षा स्वस्त पडते व बहुतेक ग्राहकांस ते मान्य असते. भरपाईचा हा नियम आधीच लिहून जाहीर केलेला असावा.

जपानमध्ये १९७० च्या दशकात 'तेइकेइ' नावाची पद्धत रुजली. तीत शहरातील कुटुंबांचा गट एखाद्या शेतकऱ्याशी करार करून हंगामभर त्याचा माल घेण्याचे ठरवितो. ह्याच धर्तीवर 'हंगामात आठ पेट्या, दर पंधरवड्यास एक' अशी आगाऊ नोंदणी चिकूसाठी सहज करता येईल. चिकू जवळजवळ वर्षभर येणारे फळ असल्यामुळे त्यास ही पद्धत आंब्याहूनही सोयीची आहे. आगाऊ नोंदणीमुळे विक्रेत्यास तोडणीचा अंदाज येतो व पुठ्ठ्याच्या पेट्या एकदम घेता येतात. मात्र घेतलेले पैसे हे देणे आहे, उत्पन्न नव्हे, हे विसरू नये. पेटी पोचेपर्यंत ते पैसे बँकेत निराळे ठेवावेत.

मोठ्या ऑनलाईन बाजारपेठा

मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर माल ठेवल्यास ग्राहक पुष्कळ मिळतात, पण कमिशन, माल परत आल्याचा खर्च व पैसे हाती पडण्यास लागणारा वेळ यांचा विचार करावा लागतो. वरील ३०० रुपयांच्या पेटीवर समजा २० टक्के कपात झाली, तर ६० रुपये जाऊन ३५ रुपये नफ्याच्या जागी २५ रुपये तोटा येतो. ताज्या चिकूसारखे नाशवंत व जड फळ अशा ठिकाणी लहान विक्रेत्यास क्वचितच परवडते. चिकूचे चिप्स व भुकटी हे हलके, टिकाऊ पदार्थ मात्र तेथे ठेवून पाहण्यास हरकत नाही. करार स्वीकारण्यापूर्वी कपातीची सर्व कलमे जाणकाराकडून वाचून घ्यावीत, आणि वस्तू व सेवा कराच्या नोंदणीविषयी कर सल्लागाराचा सल्ला घ्यावा.

बाजूला पडलेल्या फळाचा उपयोग

प्रतवारीत लहान किंवा वेड्यावाकड्या आकाराची, परंतु निरोगी फळे बाजूला पडतात. त्यांचे चिप्स व भुकटी करता येते. ह्यासाठी फळ पिकलेले पण घट्ट असावे. ते धुऊन, सोलून, बिया काढून, सारख्या जाडीच्या फोडी करून वाळवणी यंत्रात किंवा जाळीने झाकलेल्या सौर वाळवणीत वाळवावे. चिकूच्या गरात सुमारे तीनचतुर्थांश पाणी असते. साल व बिया वजा जाता एक किलो चिप्सला साधारण चार ते पाच किलो फळ लागते. तेव्हा फळास किलोस १५ रुपये धरले, तरी एका किलो चिप्समध्ये ६० ते ७५ रुपयांचे फळच जाते. त्यावर सोलण्याची मजुरी, वीज व पाकिटाचा खर्च चढतो. हा हिशेब न करता ठरविलेला भाव हमखास तोट्याचा असतो. भुकटी हवेतील ओलावा लवकर ओढते, म्हणून ती हवाबंद पाकिटात भरावी. पावसाळ्यात ह्याकडे विशेष लक्ष द्यावे.

चिप्सचे पाकीट वेगळे पाठविण्यापेक्षा फळाच्या पेटीबरोबर पाठवावे. पाकिटामागे २० रुपये सुटत असतील, तर त्यास निराळे भाडे न पडता ते सर्व २० रुपये पदरात पडतात. ग्राहकास मागणी घेतानाच 'चिप्सचे एक पाकीट पाठवू का?' एवढे विचारणे पुरेसे आहे.

कायद्याच्या बाबी अशा : २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या तरतुदी शेतकऱ्यास व त्याच्या शेतातील पिकास लागू होत नाहीत. परंतु दुसऱ्यांची फळे घेऊन विकणे, किंवा चिप्स-भुकटी तयार करणे, हा अन्नव्यवसाय ठरतो व त्यास नोंदणी अथवा परवाना लागतो. पाकिटावर पदार्थाचे नाव, उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, वापरण्याची मुदत, कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन क्रमांक व अन्न नोंदणीचा क्रमांक छापावा. केंद्र शासनाने २०२० साली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना सुरू केली. तीत पात्र प्रकल्पास खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, साह्याची तरतूद करण्यात आली. चालू साली कोणते साह्य मिळू शकते, याची चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करावी. प्रक्रियेच्या तांत्रिक माहितीसाठी कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्र जवळचे आहे.

पैशांची देवघेव

क्यूआर संकेताने पैसे घेणे सोयीचे आहे. धंद्यासाठी बँकेत निराळे खाते उघडावे, म्हणजे घरखर्च व धंदा यांची सरमिसळ होत नाही. पैसे येण्यासाठी पिन कधीही द्यावा लागत नाही. 'पैसे पाठवितो, पिन टाका' असे कोणी सांगितल्यास ती फसवणूक समजावी. पैसे भरल्याचे चित्र पाठवून माल उचलणारेही भेटतात. म्हणून खात्यात रक्कम जमा झाल्याचे पाहूनच पेटी रवाना करावी. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे व बँकेस सूचना द्यावी.

लहान वाडीवाल्यांचा गट

दहा-पंधरा झाडांच्या मालकाने हा सर्व व्याप एकट्याने करणे कठीण आहे. आठ-दहा वाडीवाले एकत्र आल्यास तोडणीचे वार वाटून घेता येतात, पेट्यांचा पुठ्ठा घाऊक भावाने मिळतो आणि टेंपो भरून जातो. कामाची वाटणी स्पष्ट असावी : एकाने मागणी नोंदवावी, दुसऱ्याने प्रतवारी पाहावी, तिसऱ्याने हिशेब ठेवावा. प्रत्येक पेटीवर ज्या वाडीचे फळ तिचा क्रमांक टाकावा, म्हणजे तक्रार आल्यास दोष कोठे आहे हे कळते व सर्व गटास भुर्दंड पडत नाही. गट बहुधा फळामुळे फुटत नाही, हिशेबामुळे फुटतो. यासाठी दर आठवड्याचा जमाखर्च सर्वांसमक्ष वाचून दाखवावा. तोडणी व निवड करणाऱ्या मजूर स्त्रियांना प्रतवारीची जाण सर्वांत अधिक असते. त्यांचे मत विचारावे, आणि पेटीमागील नफा वाढला तर मजुरीतही वाढ करावी. चांगला हात टिकला तर चांगले फळ टिकते.

सर्वच फळ घरपोच विकण्याचा अट्टहास धरू नये. हंगामाच्या भरात माल अधिक व मागणी बेताची असते. तेव्हा अडत्याचा मार्गही उघडा ठेवावा. आरंभी फळाचा चौथा-पाचवा हिस्सा थेट विकून पाहावा व हिशेब जमल्यास तो वाढवावा. कर्ज काढून गाडी घेण्याची किंवा महाग संकेतस्थळ बनवून घेण्याची घाई करू नये. एक फोन, एक काटा, एक वही व नियमितपणा एवढ्या भांडवलावर पहिला हंगाम पार पडतो.

ग्रामकार्यकर्त्यांनी काय करावे

गाव पातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी वाडीवाल्यांची एक बैठक घेऊन वर दिलेला एका पेटीचा हिशेब फळ्यावर मांडावा व प्रत्येकाकडून त्याचे आकडे भरून घ्यावेत. तयार फळाच्या खुणा वाडीत जाऊन तोडणाऱ्यांस दाखवाव्यात. मानांकनाची नोंद, अन्न नोंदणी व बँक खाते यांचे अर्ज भरण्यास मदत करावी. हंगामाच्या अखेरीस प्रत्येक विक्रेत्यास चार आकडे विचारावेत : किती पेट्या गेल्या, किती खराब निघाल्या, किती ग्राहक परत आले, आणि सर्व खर्च वजा जाता पेटीमागे काय उरले. पहिला आकडा वाढून चौथा घटत असेल, तर पेट्या वाढविण्याचे थांबवून भाडे, नासाडी व सूट ह्या तीन ठिकाणी तपास करावा. चौथा आकडा टिकून तिसरा वाढत असेल, तर पुढील हंगामात आणखी एक वार व आणखी एक वसाहत जोडण्यास हरकत नाही.